शंभर वर्षांचें पाणी

अमेरिका म्हटली म्हणजे आमच्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें गगनचुंबी इमारती, बर्फानें आच्छादलेले रस्ते किंवा नायगाऱ्याचा प्रचंड धबधबा उभा राहतो. त्या देशाचा नैर्ऋत्येकडील मोठा भाग वाळवंट आहे आणि त्या वाळवंटांत आज लक्षावधि लोक सुखानें नांदत आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींहि नसते. आमची कन्या व जावईबापू नोकरीनिमित्त अरिझोना संस्थानांतील टूसॉन या शहरीं राहत असल्यामुळें आम्हां उभयतांस तेथें एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत राहण्याचा योग आला. पाहण्यासारखीं स्थळें त्या बाजूस पुष्कळ आहेत आणि त्यांचीं वर्णनेंहि पुष्कळांनीं केलीं आहेत. परंतु आमचें सारें आयुष्य सोलापुराकडील अवर्षणग्रस्त मुलुखांत शिक्षकाचा पेशा करण्यांत गेलेलें. त्यामुळें आमचें लक्ष देखाव्यांपेक्षां एकाच प्रश्नाकडे वारंवार जाई. आमच्याकडे वर्षास वीस-बावीस इंच पाऊस पडूनहि उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मग जेथें जेमतेम ११-१२ इंच पाऊस पडतो तेथें सुमारें दहा लक्ष माणसें पाणी पितात तरी कोठलें? या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस मिळालें, तें वाचकांच्याहि विचारास खाद्य देईल अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

टूसॉन शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,४०० फूट उंचीवर, चोहों बाजूंनीं डोंगरांनीं वेढलेल्या एका विस्तीर्ण खोऱ्यांत वसलें आहे. नांव मूळचें तेथील ओओडम या आदिम रहिवाशांच्या भाषेंतलें. काळ्या टेकडीच्या पायथ्याचें गांव असा त्याचा अर्थ सांगतात. उत्तरेस सांता कॅटालिना पर्वत आहे. त्याचें शिखर ९,००० फुटांहून उंच असून हिवाळ्यांत त्यावर बर्फ पडतें, आणि पायथ्याशीं मात्र सग्वारो नांवाचें अजस्र निवडुंग उभें असतें. हें निवडुंग पुरुषाच्या पांच-सहा पट उंच वाढतें आणि दीडशें वर्षेंहि जगतें. पाऊस पडतांच त्याच्या खोडाच्या चुण्या उलगडतात, पोट फुगतें, आणि सांठविलेल्या त्या पाण्यावर तें पुढें महिनेच्या महिने काढतें. वाळवंटांत राहण्याची विद्या मनुष्यानें त्याच्यापासून शिकावी, असें आम्हांस पहिल्याच दिवशीं वाटलें.

दुसरा वृक्ष आमच्या अधिक ओळखीचा निघाला. ओढ्यांच्या कांठीं जिकडे तिकडे मेस्कीट नांवाचें कांटेरी झाड दिसतें. पान पाहतांच आम्हांस आपल्या शमीची आठवण झाली, आणि चौकशी अंतीं तें शमीच्याच गोत्रांतलें असल्याचें कळलें. आपल्याकडे ओसाड जमिनींत माजलेली वेडी बाभूळ तीहि याच कुळांतली, आणि ती अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलेली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा एक अध्याय आहे. मनुष्याच्या शरीरांत शिरा असाव्यात तशा पृथ्वीच्या पोटांत जलशिरा वाहतात, आणि अमुक वृक्ष, अमुक वारूळ दिसल्यास अमुक खोलीवर पाणी लागेल, असा त्याचा विषय. टूसॉनजवळील एका खाणींत मेस्कीटचें मूळ दीडशें फुटांहून अधिक खोल गेलेलें सांपडलें होतें, हें ऐकून वराहमिहिराच्या त्या अध्यायाविषयीं आमचा आदर वाढला.

आतां त्या भूमीच्या पोटांतील पाण्याची हकीकत ऐकावी. शहरांतून सांता क्रूझ नांवाची नदी जाते. तिच्या कांठीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे कालवे उत्खननांत सांपडले आहेत. म्हणजे तेथें शेती इतकी जुनी आहे. १६९२ सालीं किनो नांवाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक तेथें आला, तेव्हां नदीच्या कांठीं ओओडम लोकांचीं भरवस्तीचीं गांवें होतीं व पाटाच्या पाण्यावर शेतें पिकत होतीं. आम्हीं ती नदी पाहिली तेव्हां मे महिना होता. पुलाखालीं शुभ्र वाळूचा एक रुंद पट्टा पसरलेला, आणि त्यांत पाण्याचा थेंब नाहीं. नदीचें पाणी कोणी चोरून नेलें नाहीं. तिच्या दोन्ही कांठांवर विहिरी झाल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरींतून उपसा करणारे विजेचे शक्तिमान् पंप आले, आणि जमिनीखालची पाण्याची पातळी खालीं खालीं गेली. शहराच्या मध्यभागीं कांहीं ठिकाणीं ती दोनशें फुटांहून अधिक उतरली. नदी ही भूजलाच्याच आधारानें वाहत असते. आधार सुटला, नदी आटली. शहराच्या दक्षिणेस सान झेवियर नांवाचें १७९७ सालीं पुरें झालेलें शुभ्र आणि सुंदर देवालय आहे. त्याच्या जवळ मेस्कीटचें एक मोठें अरण्य होतें. इतकीं खोल मुळें असतांहि पाणी त्या मुळांनाहि मिळेनासें झालें, आणि तें अरण्य उभ्या उभ्या वाळून गेलें.

जमिनीखालचें पाणी उपसल्यानें केवळ विहिरी आटतात असें नाहीं. टूसॉनहून फीनिक्सकडे जातांना वाटेंत पिकाचो आणि इलॉय या गांवांचा प्रदेश लागतो. कापसाच्या शेतीसाठीं तेथें अतोनात उपसा झाला. जमिनीच्या थरांना आंतील पाण्याचा जो टेकू होता तो निघतांच थर दबले, आणि इलॉयजवळ जमीन कांहीं ठिकाणीं १५ फुटांच्या आसपास खचली. पिकाचोजवळ तर १९२७ सालींच जमिनीस मोठी भेग पडल्याचें लोकांनीं पाहिलें होतें. अशा भेगा पुढें मैल-मैल लांबीच्या झाल्या. एकदां दबलेला थर पुन्हां पूर्वीसारखा फुगत नाहीं. म्हणजे पुढें कितीहि पाऊस पडला तरी तितकी सांठवण त्या भूमींत पुन्हां होणें नाहीं. पेटींतले पैसे खर्च करणें निराळें आणि पेटीच मोडून जाळणें निराळें.

असें असतां हा उपसा थांबला कां नाहीं? याचें कारण कायद्यांत होतें. जमीन ज्याची त्यानें खालचें पाणी हवें तेवढें उपसावें, मात्र तें कांहीं तरी उपयोगास लावावें, एवढाच काय तो तेथील जुना नियम. हा विचार इंग्रजी कायद्यांतून आलेला आहे, आणि आपल्या देशांतहि १८८२ च्या ईझमेंट ॲक्टानें तोच रूढ केला. त्या दृष्टीनें पाणी ही जमिनीच्या मालकाची स्वकष्टार्जित मिळकत होय! आमच्या शास्त्रकारांस ही मिळकत दाखविली असती तर त्यांनीं ती कोणत्या सदरांत घातली असती? आम्हांस वाटतें, वडिलोपार्जित आणि अविभक्त अशाच सदरांत. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानींत, म्हणजे आमच्या सोलापुराहून फार दूर नसलेल्या स्थळीं, रचली गेली. तिचें सांगणें असें कीं, वडिलोपार्जित संपत्तींत पुत्रास जन्मतःच स्वत्व प्राप्त होतें. इतकेंच नव्हे, तर जे गर्भांत आहेत व जे अद्याप जन्मासहि आले नाहींत त्यांच्या निर्वाहाकडे लक्ष देऊन कुटुंबाच्या कर्त्यानें स्थावराचा दान-विक्रय टाळावा. आपत्काल, कुटुंबाचें पोषण आणि धर्मकृत्य एवढ्याच कारणांसाठीं त्यास मोकळीक. कन्येसहि असाच जन्मसिद्ध वांटा २००५ च्या कायद्यानें मिळाला, हें वाचकांस ठाऊकच आहे. हजारों वर्षांच्या पावसानें थेंबाथेंबानें सांठलेलें पाणी एका पिढीनें पंप लावून संपवावें, याला अविभक्त कुटुंबांत वाढलेला मनुष्य काय म्हणेल तें सांगावयास नको.

अरिझोनाच्या लोकांनींहि हें ओळखलें. मात्र आपखुशीनें नव्हे. उत्तरेकडे कोलोरॅडो नांवाची मोठी नदी आहे. तिच्या पाण्याची वांटणी सात संस्थानांत व्हावी म्हणून १९२२ सालीं करार झाला. त्यांत अरिझोनाचा वांटा किती, यावर शेजारच्या कॅलिफोर्नियाशीं वर्षानुवर्षें तंटा चालला, आणि अखेर १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वर्षाकाठीं २८ लाख एकर-फूट पाणी अरिझोनाचें म्हणून मान्य केलें. एक एकर जमिनीवर एक फूट उभें राहील इतकें पाणी म्हणजे एक एकर-फूट. तें सुमारें १२ लाख ३३ हजार लिटर भरतें. हें पाणी वाळवंट ओलांडून फीनिक्स व टूसॉन येथें आणण्यासाठीं ३३६ मैल लांबीचा कालवा काढण्याचें ठरलें. १९७३ सालीं काम सुरू झालें आणि १९९३ सालीं पुरें झालें. टूसॉन उंचावर असल्यामुळें तेथपर्यंत हें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें जवळजवळ २,९०० फूट वर चढवावें लागतें. भगीरथानें गंगा वरून खालीं आणिली. या लोकांस ती खालून वर न्यावी लागली.

या कालव्याचा खर्च मुख्यत्वें मध्यवर्ती सरकार करीत होतें. १९७९ सालीं सरकारच्या अंतर्गत खात्याच्या मंत्र्यानें अरिझोनास बजाविलें कीं, तुम्ही आपल्या भूजलास कायद्याचा बांध घालणार नसाल तर कालव्यास पैसा मिळणार नाहीं. तेव्हां गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनीं शेतकरी, खाणवाले आणि नगरपालिका या तिन्ही पक्षांस एकत्र बसविलें, आणि १९८० च्या जून महिन्यांत भूजलाचा कायदा मंजूर झाला. या कायद्याचे मुख्य भाग असे. ज्या खोऱ्यांत उपसा फार तीं नियंत्रित क्षेत्रें ठरविण्यांत आलीं. तेथें नवी जमीन ओलिताखालीं आणण्यास बंदी झाली. मोठ्या विहिरींस मीटर लागले, आणि दर वर्षीं किती उपसा केला याचा हिशेब सरकारांत भरणें व त्यावर पट्टी देणें भाग पडलें. टूसॉन, फीनिक्स आणि प्रेस्कॉट या क्षेत्रांत २०२५ सालापर्यंत जेवढें पाणी जमिनींत मुरतें तेवढेंच उपसावें, असें ध्येय ठेवण्यांत आलें.

आणि सर्वांत महत्त्वाची अट ही कीं, त्या क्षेत्रांत नवीन वसाहत वसवून घरें विकावयाचीं असतील, तर त्या वसाहतीस शंभर वर्षें पुरेल इतकें पाणी आहे असा दाखला प्रथम मिळविला पाहिजे. दाखला नाहीं तर विक्री नाहीं. विकणारा आज आहे, उद्यां नाहीं. घेणारा पन्नास वर्षें राहील. परंतु कायदा विचारतो त्यांच्या पणतवंडांचें. अजून जन्मास न आलेल्या मनुष्यास कायद्यानें पक्षकार करून घेतलें, हें या कायद्याचें मर्म होय. मिताक्षरेशीं त्यांचा परिचय असण्याचा संभव नाहीं. गरजेनें त्यांस तेथें आणून पोंचविलें.

कालव्याचें पाणी टूसॉनला आलें खरें, पण पहिल्याच घासाला माशी लागली. १९९२ च्या नोव्हेंबरांत नगरपालिकेनें तें शुद्ध करून सरळ नळांत सोडलें. या पाण्याचे गुणधर्म निराळे असल्यामुळें जुन्या लोखंडी नळांतला गंज सुटला आणि घरोघरीं तांबूस पाणी येऊं लागलें. लोक संतापले. १९९४ सालीं तो पुरवठा बंद करावा लागला, आणि १९९५ सालीं मतदारांनीं ठराव करून असें पाणी, तें भूजलाच्या तोडीचें झाल्याखेरीज, सरळ नळांत सोडण्यास बंदी घातली. तेव्हां अभियंत्यांनीं निराळी युक्ति काढली. शहराच्या पश्चिमेस डोंगरापलीकडे ॲव्हरा नांवाचें खोरें आहे. तेथें त्यांनीं मोठमोठे उथळ हौद खणिले. कालव्याचें पाणी त्यांत सोडावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि मुरून जुन्या भूजलांत मिसळलेलें पाणी विहिरींतून काढून शहरास पुरवावयाचें. २००१ सालापासून टूसॉनचे लोक हें पाणी पीत आहेत.

जावईबापूंच्या परिचयाच्या एका अभियंत्याच्या कृपेनें आम्हांस ते हौद पाहावयास मिळाले. त्यांस पाहतांच आम्ही म्हणालों, "हे तर आमचे पाझर तलाव!" फरक इतकाच कीं, आपले पाझर तलाव पावसाची वाट पाहतात आणि हे कालव्यावर भरतात. एक हौद भरावा, मुरूं द्यावा, कोरडा पडला कीं तळावर बसलेली मऊ माती खरवडून काढावी, म्हणजे पुन्हां पाणी झपाट्यानें मुरतें. असें चक्र बारा महिने चालू असतें. किती पाणी घातलें, किती काढलें आणि शिल्लक किती, याची वही बँकेच्या खात्याप्रमाणें लिहिलेली असते. १९९६ सालीं संस्थानानें पाण्याची एक पेढीच स्थापन केली. कालव्याचें जें पाणी त्या वर्षीं लागत नसेल तें जमिनींत मुरवून पुढील टंचाईसाठीं ठेवावें, हें तिचें काम. टूसॉन शहराची स्वतःची अशी कित्येक वर्षांची ठेव आज भूमीच्या पोटांत आहे. शहराचें सांडपाणीहि वायां जात नाहीं. स्वीटवॉटर नांवाच्या ठिकाणीं शुद्ध केलेलें सांडपाणी तळ्यांत सोडून मुरवितात. तेथें लव्हाळ्यांत नाना जातींचे पक्षी येतात, आणि सकाळीं फिरावयास जाण्यास ती जागा इतकी रम्य आहे कीं, हें पाणी कोठलें तें आमच्या सौ.ना आम्हीं चार दिवस सांगितलेंच नाहीं!

लोकांच्या राहणींतहि हा हिशेब उतरलेला दिसला. घरांपुढें हिरवळ क्वचितच; खडी पसरून तींत निवडुंग, मेस्कीट, पालो व्हर्दे अशीं तेथलींच झाडें लाविलेलीं. छपराचें पाणी टांक्यांत धरण्यास नगरपालिका पैशाची मदत देते. रस्त्याच्या कडेचा कांठ जागोजाग कापलेला, म्हणजे रस्त्यावरचें पावसाचें पाणी वाहून न जातां झाडांच्या आळ्यांत शिरतें. हें एका दिवसांत झालें नाहीं. १९७६ सालीं तेथील नगरसेवकांनीं पाण्याचे दर वाढविले, उंचावर राहणारांस पाणी चढविण्याचा खर्चहि लावला, तेव्हां मतदारांनीं पुढल्याच जानेवारींत त्यांस पदावरून दूर केलें. गंमत अशी कीं, नव्या नगरसेवकांनीं हिशेब पाहिला आणि दरवाढ बहुतेक तशीच ठेविली. मग उन्हाळ्यांतील ऐन मागणीच्या वेळीं झाडांस पाणी घालूं नका, असा प्रचार सुरू झाला. आज शहराची वस्ती १९८५ च्या मानानें बरीच वाढली असूनहि एकंदर पाणी जवळजवळ तेव्हांइतकेंच लागतें. वाढतें गांव आणि न वाढती तहान, हा चमत्कार मीटरनें, दरानें आणि संवयीनें घडविला आहे.

येथवरची कथा वाचून अरिझोनांत रामराज्य अवतरलें आहे असा वाचकांचा समज होईल, तर तो खरा नव्हे. ज्या वांटणीवर हा सारा डोलारा उभा आहे ती वांटणीच फुगवून केलेली होती. टूसॉनच्याच विद्यापीठांत वृक्षांच्या कंकणांवरून जुन्या काळचें पाऊसपाणी वाचण्याची विद्या वाढली; डग्लस नांवाच्या ज्योतिर्विदानें १९३७ सालीं तिची प्रयोगशाळा स्थापन केली. त्या विद्येनें १९७६ सालीं असें दाखविलें कीं, कोलोरॅडो नदीस वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें १३५ लाख एकर-फूटच पाणी येत आलें आहे. १९२२ च्या करारानें १५० लाखांची वांटणी केली होती, आणि १९४४ च्या तहानें मेक्सिकोस आणखी १५ लाख दिले. कराराच्या आधींचीं थोडीं वर्षें अतिवृष्टीचीं होतीं आणि मंडळींनीं त्यांनाच नेहमींचीं समजून वांटे पाडले. शिवाय १९६८ सालीं कालव्यास मंजुरी मिळवितांना अरिझोनानें एक अट मान्य केली, ती अशी कीं तूट आली तर कॅलिफोर्नियाच्या आधीं आमचा कालवा आटावा. तूट आली. २०२२ सालीं अरिझोनाचें ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कापलें गेलें, आणि इलॉयकडील शेतकऱ्यांस पुन्हां विहिरींकडे वळावें लागलें.

कायद्यांतहि वाटा आहेत. शंभर वर्षांच्या दाखल्यास पाणी भूमींतून काढण्याची मुभा आहे; मात्र शंभर वर्षांअखेर पातळी १,००० फुटांखालीं जाऊं नये, एवढीच मर्यादा! शंभराव्या वर्षानंतर जन्मणारानें काय करावें? पाणी एके ठिकाणीं उपसून त्याच क्षेत्रांत दूर दुसरीकडे मुरविलें तरी वहींत जमाखर्च जुळतो, पण पहिल्या जागेची विहीर वहीवर चालत नाहीं. २०२३ च्या जूनमध्यें फीनिक्सच्या क्षेत्राची मोजदाद प्रसिद्ध झाली. शंभर वर्षांत भूजलाची जी मागणी, तिच्यापैकीं शेंकडा ४ पुरी होणार नाहीं असें निघालें, आणि केवळ भूजलाच्या भरंवशावर नवे दाखले देणें सरकारनें थांबविलें. प्रेस्कॉटचें ध्येय तर फारच दूर राहिलें. नियंत्रित क्षेत्रांच्या बाहेर अजून जुनाच न्याय चालू आहे. आग्नेयेकडे विलकॉक्सच्या खोऱ्यांत मोठमोठ्या शेतांच्या खोल विहिरींनीं शेजारच्या लहान घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि रस्त्यांवर भेगा आल्या. २०२२ च्या नोव्हेंबरांत तेथील लोकांस नियंत्रण हवें का असें विचारलें, तर त्यांनीं नको म्हटलें. त्याच दिवशीं शेजारच्या डग्लसच्या खोऱ्यानें हवें म्हटलें. विलकॉक्सला तें पुढें दोनेक वर्षांनीं सरकारनें आपल्या अधिकारांत लागू केलें.

आणि एक वाट अशी, जिच्याशीं आमचा प्रत्यक्ष संबंध आला. शंभर वर्षांचा दाखला सहा किंवा अधिक तुकड्यांच्या वसाहतीस लागतो. जमिनीचे पांचच तुकडे पाडले तर लागत नाहीं. कन्या व जावईबापू यांचा स्वतःचें घर घेण्याचा विचार चालला होता. शहराबाहेर डोंगराच्या कुशींत अशाच एका तुकड्यावरचें घर त्यांस फार आवडलें. अंगण ऐसपैस, किंमत शहरांतल्या घराहून पुष्कळ कमी, संध्याकाळीं डोंगरावर पसरणारा गुलाबी रंग तर पाहत राहावा असा. विकणाऱ्या गृहस्थानें सर्व खोल्या दाखविल्या. आमच्या सौ. मराठींतच म्हणाल्या, "पाणी कोठलें, तें विचारा कीं आधीं." जावईबापूंनीं विचारिलें. पाणी टांक्यांत टँकरनें येतें. सगळेच तसें आणतात. हवी असल्यास विहीर खणतां येईल, असें उत्तर आलें.

घरीं आल्यावर त्यावर बराच वाद झाला. जावईबापूंचें म्हणणें, "बाबा, हा देश कांहीं आपल्यासारखा नाहीं. इतकीं घरें आहेत तेथें. सरकार त्यांस पाण्यावांचून मरूं देईल काय?" आम्हीं त्यांस रिओ व्हर्दे फुटहिल्सची हकीकत वाचावयास दिली. स्कॉट्सडेल शहराला लागून पण त्याच्या हद्दीबाहेर ही वस्ती, अशाच लहान तुकड्यांनीं वाढलेली. तिच्यांतील शेंकडों घरांना स्कॉट्सडेलच्या नळावरून टँकर भरून पाणी येत असे. नदीच्या पाण्यांत तूट येणार असें दिसतांच शहरानें त्यांस आगाऊ सूचना दिली आणि १ जानेवारी २०२३ पासून तो नळ बंद केला. लाखों डॉलरांच्या घरांतले लोक पावसाचें पाणी बादल्यांत धरून संडासांस घालूं लागले. पुढें विधिमंडळानें खास कायदा करून तात्पुरती सोय केली, तोंवर कित्येक महिने गेले. कन्या म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षांचा दाखला ज्या घराला लागत नाहीं, त्याचीच किंमत कमी असते." सौ. म्हणाल्या, "आपल्याकडे मुलगी देतांना गांवाची विहीर पाहत. तुला देतांना पाहिली नाहीं, आतां तूं तरी पाहा." जावईबापू मोठ्यानें हंसले, पण दोन दिवसांनीं त्यांनीं आपण होऊनच त्या गृहस्थास नकार कळविला. शहरांतील जें घर त्यांनीं पुढें ठरविलें तें लहान आहे, अंगणांत चार खाटाहि मावणार नाहींत. मात्र नळावर मीटर आहे, आणि त्या मीटरमागें ॲव्हराच्या खोऱ्यांतील ठेव आहे. नातीला डोंगर खिडकींतून दिसतो, तेवढ्यावर ती खूष आहे.

ही गोष्ट आम्हीं मुद्दाम विस्तारानें सांगितली, कारण पाण्याचा कायदा हा केवळ सरकार व अभियंते यांचा विषय अशी आपली समजूत असते. वस्तुतः प्रत्येक कुटुंब घर घेतांना, बोअर पाडतांना, बागाईत लावितांना तो कायदा पाळतें किंवा मोडतें. आपल्या महाराष्ट्रांतहि २००९ चा भूजलाचा कायदा आहे, आणि ६० मीटरांपलीकडील विहिरींवर त्यांत निर्बंध आहेत. तरी आमच्या बाजूस डाळिंबाच्या बागेसाठीं सहाशें-आठशें फूट गेल्याच्या गोष्टी लोक अभिमानानें सांगतात. २०१६ सालीं मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. अरिझोनाचा धडा एवढाच कीं, वही ठेवल्याखेरीज ठेव राहत नाहीं, आणि वहींत पळवाट ठेविली कीं ठेव तिनेंच बाहेर पडते.

जुलै महिन्यांत तेथें पाऊस आला. त्यास तेथील लोकहि मॉन्सूनच म्हणतात, हें ऐकून आम्हांस मोठी गंमत वाटली. ओओडम लोकांचें वर्ष या पावसाच्या सुमारास सुरू होतें; सग्वारोचीं लाल फळें काढून त्यांचा रस ते पावसाच्या आवाहनासाठीं सिद्ध करितात. दुपारपर्यंत आकाश निरभ्र असतें, मग डोंगरांमागून काळे ढग उठतात, आणि क्रिओसोट नांवाच्या झुडपाचा विलक्षण गंध सर्वत्र दरवळतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर आपल्या मातीचा येतो तसाच त्या भूमीचा हा गंध. अर्ध्या तासांत कोरडी सांता क्रूझ तांबड्या पाण्यानें भरून धांवूं लागली, आणि सारें गांव पुलावर पाहावयास लोटलें.

ऑगस्टांत परत येण्यापूर्वीं एके दिवशीं नेहमींप्रमाणें स्नानोत्तर तर्पण करीत असतांना आमच्या मनांत विचार आला. पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांस आपण ओंजळभर पाणी देतों. तीन-चार पिढ्या म्हणजे सुमारें शंभर वर्षेंच. होऊन गेलेल्यांच्या तृप्तीसाठीं आपल्या पूर्वजांनीं जो अवधि ठरविला, जवळजवळ तोच अवधि या परदेशच्या लोकांनीं होणारांसाठीं ठरविला आहे. दोन्हींकडे देणें पाण्याचेंच आहे. मागच्यांचें देणें आपण मंत्रानें फेडतों. पुढच्यांचें देणें उपसा आंवरूनच फेडतां येतें, आणि त्यास दुसरा मंत्र नाहीं.